द्वारका नाडकर्णी, हजर

कॉलेज निघालं त्या वर्षी आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या गेल्या. आधी बाहेरच्या खोलीतल्या वेताच्या गेल्या, मग अप्पांची लिहायची गेली आणि शेवटी आई ज्याच्यावर चढून माळ्यावरची भांडी काढायची ते डुगडुगतं स्टूलसुद्धा गेलं. "प्राध्यापकांना बसायला नको?" अप्पा विचारायचे. प्राध्यापक म्हणजे नुकतीच मिसरूड फुटलेली काही हुशार मुलं. आपापल्या नोकऱ्या सोडून किंवा मिळत नव्हत्या म्हणून ती अप्पांच्या मागे आली होती. एका शाळेच्या इमारतीत सकाळी कॉलेज भरायचं. शाळेची पोरं यायच्या आत आमचे नकाशे, हजेरीपट आणि माझ्या घरच्या खुर्च्या जिन्याखालच्या खोलीत कोंडून कुलूप लावायचं. घरी पाहुणे आले की आम्ही सतरंजी पसरायचो. माझ्या मैत्रिणी यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि मुकाट्यानं मांडी घालायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आताच सांगून ठेवते, मी लिहायला बसलेय ते दिवस बाकी सगळ्यांना मोठ्या अभिमानाचे वाटतात. मला मात्र त्यांची लाजच जास्त आठवते.

मुलुंड तेव्हा मुंबईत धरायचं की नाही यावर वाद होत. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला डोंगर आणि मधल्या आखीव रस्त्यांवर आमच्यासारख्यांची बैठी घरं. आमच्या घरात पहाटेपासून दोनच आवाज असत, स्टोचा आणि अप्पांचा. अप्पा दाढी करता करता इंग्रजीतून भाषण करीत, ते आरशातल्या विद्यापीठाला उद्देशून असे. कॉलेजचं ग्रंथालयही आमच्याच घरी होतं, कारण शाळेच्या कपाटांना वाळवी लागलेली. पुस्तकं आईच्या बरण्यांच्या कपाटात, खालच्या फळीवर लोणची, वरच्या फळीवर इतिहास. मुलं दारात येऊन "वहिनी, तो जाडा इतिहास आहे का?" असं विचारीत आणि आई हात पुसत पुस्तक काढून देई. पुस्तकांना हिंगाचा वास यायचा. पुढं मोठं ग्रंथालय झालं तेव्हा त्या पुस्तकांना वेगळं कपाट मिळालं. परवापरवापर्यंत मी तिथं जाऊन एखादं उघडून नाकाशी धरत असे.

अप्पा मुंबईतल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात शिकवत होते. ते सोडून त्यांनी हे सुरू केलं, त्यामागं एकच वेड होतं. उपनगरातल्या मुली मॅट्रिक होत आणि घरी बसत. रोज गाडीनं मुंबईला पाठवायला घरचे तयार नसत. कॉलेजच दाराशी आणलं तर त्या शिकतील, असं अप्पांचं म्हणणं. विद्यापीठाकडे केलेल्या अर्जातही त्यांनी तेच ठासून लिहिलं होतं. परवानगी मिळाली, पण तात्पुरती. पहिल्या वर्षात विद्यापीठाची समिती येऊन पाहणार, मगच पक्की मान्यता. आणि अर्जभर मुलींचा गजर केलेल्या या कॉलेजला मुलीच मिळेनात.

मग मोहीम आईनं हातात घेतली. चैत्रातल्या हळदीकुंकवाचा महिना होता. रोज कुणाकडे ना कुणाकडे बोलावणं असे आणि आई एकही चुकवत नसे. गौरीसमोर बसायचं, कैरीची डाळ खायची, पन्ह्याची वाखाणणी करायची आणि हळूच विषय काढायचा. "तुमची कुसुम काय करते हो हल्ली? आमच्यांच्या कॉलेजात घाला की. गाडी नको, धक्के नकोत. पायी जाईल, पायी येईल. आणि प्रिन्सिपॉल माझ्या घरातला आहे. काही वेडंवाकडं झालं तर माझा कान धरा." नमुना म्हणून ती मला बरोबर नेई. "ही बघा, आमची नलूही जाणार," असं म्हणून मला पुढं ढकली. बायका मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत. शिकलेली मुलगी कशी दिसते ते बघत असाव्यात. एकदा राणेकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या कॉलेजात गेल्यावर हिचा लगीन कसा होतला?" आई हसून म्हणाली, "तुमच्या बबनशी करूया की." सगळ्या खदखदून हसल्या. मी पन्ह्याच्या भांड्यात तोंड घातलं.

डाळ पुष्कळांनी खाल्ली, मुली थोड्यांनीच पाठवल्या. ज्यांनी शब्द दिला होता त्यातल्या काहींची वैशाखात लग्नं उरकली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी अप्पा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. सतरंजीवर बसून त्यांनी चहा घेतला. "समोरचा बाक तरी भरलेला दिसायला हवा," ते म्हणाले. "समिती हसेल मला." मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई लग्नाआधी सावंतवाडीला मॅट्रिक झाली होती. ही गोष्ट आमच्या घरात, तिच्या कानाला लहानपणी काप होते वगैरे गोष्टींसारखी, कधीतरी निघे आणि विरून जाई. "तूच बस ना," अप्पा म्हणाले. "समिती येऊन जाईपर्यंत. मग तुझं नाव काढून टाकू."

आई उठून आत गेली. अप्पांचा कप रिकामा व्हायच्या आत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला मॅट्रिकचा दाखला घेऊन बाहेर आली. दाखल्यावर माहेरचं नाव होतं, द्वारका मोरेश्वर नाडकर्णी. लग्नात अप्पांनी तिचं नाव रमा ठेवलं होतं, आणि माहेरी मालवणात तिला द्वारका म्हणणारं आता कुणी उरलंही नव्हतं. हजेरीपटावर तेच नाव चढलं. "बरंच झालं," अप्पा म्हणाले. "परुळेकर नाव दिसलं असतं तर लोक म्हणाले असते, प्रिन्सिपॉलनं बायको आणून बसवली."

बायको आणून बसवलेलीच होती. शेजारी मुलगीही बसवली होती.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. आईनं कॉलेजसाठी नऊवारी सोडून गोल पातळ नेसायला घेतलं आणि पहिले काही दिवस ती पायात पाय अडकवून चाले. हजेरी घेताना सगळे "प्रेझेंट सर" म्हणत, ती मात्र खणखणीत आवाजात "हजर!" म्हणे. मागच्या बाकावरची मुलं रोज तेवढ्यासाठी वाट बघत. वर्गात मधेच ती माझ्या कानाशी येऊन "नलू, पदर" म्हणे. तिच्या हाताला हळदीचा वास असे आणि त्याच हातानं ती पेन धरी. सगळ्यात कहर म्हणजे ती प्रश्न विचारी. इतिहासाला देसाई सर होते. ते खानावळीत पोट बिघडलं म्हणून दुपारी आमच्याकडेच जेवत. घरी "वहिनी, आमटी वाढा" म्हणणारा हा माणूस वर्गात तिच्याकडे बघायचं टाळी. एकदा ते कुठल्याशा स्वारीचं वर्णन रंगात येऊन करत होते. आईनं हात वर केला. "सर, एवढी माणसं नेली, मग त्यांना वाटेत जेवायला कोण घालत होतं?" वर्ग फुटला. देसाई सर कानापर्यंत लाल झाले. मी बाकाखाली शिरायच्या बेतात होते. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरांना येत नव्हतं, हे मला फार पुढं कळलं.

घरी ती तांदूळ निवडता निवडता इंग्रजी कविता घोकायची. उच्चार असे की कवीनं कान झाकून घेतले असते. अडलं की मला विचारायची आणि मी तुटक सांगायची, कधी मुद्दाम सांगायचीच नाही. एकदा स्टोला पंप मारता मारता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "नलू, मला परीक्षेला बसू देतील ना गं?" मी म्हटलं, "समिती येऊन गेली की तुझं नाव काढणार आहेत, ऐकलं नाहीस का तू?" "ऐकलंय गं," ती म्हणाली. "तुझ्या अप्पांना तू विचारून बघ ना. माझं विचारणं बरं दिसणार नाही." मी विचारलं नाही. ती वर्गातून जावी असंच मला वाटत होतं.

समिती संक्रांतीनंतर आली. तिघेजण होते. दोघांना घड्याळाची घाई. तिसरे दिघे सर, वयस्क, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, आणि बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्यालाच आपला आवाज चढला की काय असं वाटावं. सकाळी ते आमच्या वर्गात आले. समोरचा बाक मुलींनी भरलेला होता आणि भिंतीशी उभ्या असलेल्या अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दिघे सरांनी वर्गाला विचारलं, "पानिपतावर आपण का हरलो, सांगा बघू." मुलांनी पुस्तकातली कारणं ओळीनं म्हणून दाखवली. मग ते आईकडे वळले. "तुम्ही, बाई?" आई उभी राहिली. "सर, जेवण मिळत नव्हतं. लढाईच्या आधी कितीतरी दिवस माणसं नि जनावरं उपाशी. रिकाम्या पोटी कोण लढणार?" दिघे सर तिच्याकडे बघतच राहिले. "हे बाई मनानं सांगतायत," ते म्हणाले. "नाव काय आपलं?" "द्वारका नाडकर्णी." मी मान खाली घातली होती, पण वर्गात कुणी हसलं नाही.

पुढं जे झालं ते आमच्याच घरी होऊ शकतं. समितीचं जेवण आमच्याकडे ठेवलेलं होतं. ठरवून बरेच दिवस झाले होते. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, अळूवडी, सोलकढी, आणि गोड म्हणून नारळाच्या रसातल्या खापरोळ्या. सगळ्याची सिद्धता आईनंच केली होती. ती सकाळी बाकावर विद्यार्थिनी म्हणून बसेल आणि दुपारी यजमानीण म्हणून वाढेल, यात काही अडचण आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अप्पांच्या नाही, आईच्या नाही, माझ्याही नाही. घर कुठं संपतं आणि कॉलेज कुठं सुरू होतं हे आम्ही सगळेच विसरलो होतो. वर्ग सुटल्याबरोबर आई मागच्या गल्लीनं धावत घरी गेली आणि कढईत तेल ओतलं. अप्पांना पाहुण्यांबरोबर चालत येताना वाटेत केव्हातरी लख्ख उजेड पडला असावा. दारात पाऊल टाकताच ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईला सांग, बाहेर येऊ नकोस. तू वाढ."

खुर्च्या नव्हत्याच, म्हणून पाट आणि केळीची पानं. पाहुण्यांना तेच आवडलं. आई आतून वडे तळून देत होती आणि मी वाढत होते. दिघे सर ज्या भिंतीला पाठ करून बसले होते त्या भिंतीवर, त्यांच्या टोपीच्या बरोबर वर, आईअप्पांचा लग्नातला फोटो होता. अप्पा समोरच्या पाटावर. ते जेवत कुठं होते, ते त्या फोटोकडे बघत होते. माझंही लक्ष तिकडे गेलं आणि हातातलं सोलकढीचं भांडं कललं. दिघे सरांच्या शुभ्र धोतरावर गुलाबी ओघळ. मी किंचाळले.

घरात काही सांडलं की आई धावते. ओलं फडकं घेऊन ती बाहेर आली, वाकली आणि धोतराचा सोगा टिपायला लागली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हाताला पीठ. दिघे सरांनी तिच्याकडे पाहिलं. "अरेच्चा! या तर आपल्या पानिपतच्या बाई!"

दुसऱ्या दोघांनीही जेवण थांबवलं. आत कढईतला वडा करपल्याचा वास आला. अप्पा म्हणाले, "हो. त्या आमच्याकडे स्वयंपाकाला असतात. गरजू आहेत. शिकायची फार इच्छा होती, तेव्हा म्हटलं, बसा वर्गात."

आजवर मी हा क्षण पुष्कळदा मनात फिरवून पाहिला आहे. अप्पा वाईट नव्हते. आयुष्यात ते क्वचितच खोटं बोलले असतील. त्यांनी सगळं त्या कॉलेजवर लावलं होतं आणि ते डोळ्यांसमोर बुडताना दिसलं. पण शेजारीण म्हणता आलं असतं. नात्यातली म्हणता आलं असतं. तोंडातून निघालं ते हे, आणि आलेल्यांपैकी कुणालाही त्यात संशय घेण्यासारखं काही वाटलं नाही. मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. माझी आई तशी दिसत होती, कारण आम्ही तिला तसं ठेवलं होतं.

"प्रिन्सिपॉलसाहेब," दिघे सर म्हणाले, "असं कॉलेज मी पाहिलं नव्हतं." मग त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "आणि घरच्या बाई?" "माहेरी गेल्यात," अप्पा म्हणाले. "मालवणला." आई फडकं हातात धरून उभी होती. दिघे सर तिला म्हणाले, "बाई, आता मधे सोडायचं नाही. बी.ए. व्हायचं. मी दर वर्षी येऊन विचारणार." आई म्हणाली, "होय सर." मग वड्यांचं ताट उचलून तिनं त्यांना वाढलं. दुसऱ्या दोघांना वाढलं. अप्पांच्या पानापाशी आली आणि त्याच आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला वडा?"

अप्पांनी नुसती मान हलवली. दिघे सरांना माझी दया आली असावी. "बाळ, तू घाबरू नकोस. सांडलं म्हणून या बाई रागावत नाहीत ना तुला?" मी म्हटलं, "नाही. त्या चांगल्या आहेत."

त्या. माझ्या जन्मदात्या आईला मी त्या म्हटलं.

पाहुणे गेल्यावर आई आपलं पान घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. एरवी ती स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून जेवायची. मी तिच्यापाशी जाऊन नुसतं "आई" म्हटलं. ती म्हणाली, "गप रव. कॉलेज टिकूक होया होता ना? टिकला." रागावली की तिचं मालवणी बाहेर यायचं, पण आवाजात राग नव्हता. वडा तिनं अर्धाच खाल्ला. अप्पा पडवीच्या दारापर्यंत आले. "अगं, तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले. "होय सर," आई म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं अहो गेलं. "सर, पान वाढलंय." "सर, पाणी तापलंय." "सर, बाहेर कुणी आलंय." टोमणा म्हणावा तर आवाज साधा. आधी अप्पा चिडले, मग हसण्यावारी न्यायला बघू लागले, मग गप्प झाले. मान्यता आली. शाळेच्या पटांगणात पेढे वाटले. त्या आठवड्यात अप्पा जेवताना म्हणाले, "आता तुझं नाव काढायला हरकत नाही." आई भात वाढत होती. "काढा की सर," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी दिघे सर विचारतील, तुमच्या स्वयंपाकाच्या बाई कुठायत? काय सांगाल?" आई परीक्षेला बसली. पास झाली. इतिहासात माझ्यापेक्षा बरे गुण पडले.

दिघे सर शब्दाला जागणारे होते. दर वर्षी काही ना काही निमित्तानं येत, आमच्याकडेच जेवत आणि आईच्या अभ्यासाची चौकशी करत. तिच्यासाठी पुस्तकं आणत. ते येणार असं कळलं की अप्पा स्वतः भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून गादीखाली ठेवत. आई पदर खोचून वाढी आणि पाहुण्यांसमोर अप्पांशी बोलताना तिला काही वेगळं करावं लागत नसे, कारण एरवीही ती सरच म्हणे. "परुळेकर, तुमच्या सौभाग्यवती माहेरी फारच रमतात," दिघे सर एकदा म्हणाले. अप्पांना ठसका लागला. आईनं पाण्याचं भांडं पुढं केलं. मी स्वयंपाकघरात पळाले. मला वाटलं होतं हसू येईल, पण रडूच आलं.

आमच्या पहिल्या तुकडीचा बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षी शाळेच्या मैदानात मांडव घातला. कॉलेजच्या स्वतःच्या इमारतीचा पाया नुकताच खणून झाला होता. प्रमुख पाहुणे दिघे सर. सगळं मुलुंड लोटलं होतं. पुढच्या रांगांत हळदीकुंकवातल्या सगळ्या बायका नटून बसल्या होत्या. दिघे सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनं आपल्या घरच्या स्वयंपाकीणबाईंना वर्गात बसवलं, आणि त्या आज पदवीधर झाल्या. मांडवातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं त्या बाई कोण ते. फक्त सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. राणेकाकू अर्ध्या उठल्या, तोंड उघडलं, आणि शेजारच्या बाईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. कुणीतरी खाकरलं. विद्यापीठाचा माणूस, पायाचं खोदकाम, आपल्या मुलींचं कॉलेज, सगळ्यांनी सगळ्याचा विचार केला असेल. सगळं गाव गप्प बसलं. अप्पा व्यासपीठावर आपल्या चपलांकडे बघत होते.

"द्वारका नाडकर्णी," देसाई सरांनी नाव पुकारलं. आईच्या तोंडून सवयीनं निघालं, "हजर!" मांडव सुटल्यासारखा हसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ती वर गेली. दिघे सरांच्या हातून सत्काराचं पुस्तक घेतलं, त्यांना वाकून नमस्कार केला. परत येताना अप्पांची खुर्ची वाटेत होती. ती आमच्याच घरची, वेताची. आई थांबली. बाकीच्या मुलामुलींनी केला तसाच त्यांनाही वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "थँक्यू, सर." आशीर्वादाला उचललेला अप्पांचा हात तसाच अधांतरी राहिला.

लग्नाचा फोटो त्यानंतर भिंतीवर चढलाच नाही. त्या खिळ्याला आईनं आपली पदवी चौकट करून टांगली. नवा माणूस आला की विचारी, या द्वारका नाडकर्णी कोण? आई म्हणे, "इथं स्वयंपाकाला असते." अप्पा शेवटच्या दुखण्यात पडून होते तेव्हा मी उशाशी होते. आई औषध घेऊन आली. "सर, औषध." अप्पांनी तिचा हात धरला. "रमा, एकदा अहो म्हण ना गं," ते म्हणाले. इतकं उघड मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. खूप मायेनं फिरवला, ते मी पाहिलं. "म्हणेन हं," ती म्हणाली. तिनं म्हटलं नाही.

आता ते कॉलेज सात मजली आहे. लिफ्ट आहे, खुर्च्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. गेल्या महिन्यात तिथल्या तरुण प्राचार्या माझ्या घरी आल्या. संस्थापकांवर स्मरणिका निघते आहे, मजकूर एकदा नजरेखालून घाला म्हणाल्या. चष्मा लावून मी वाचला. एका पानावर स्वयंपाकीणबाईंची गोष्ट होती, मथळ्यासकट. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की सरांचा अधिकारच असा होता की त्यांच्या पत्नीदेखील घरात त्यांना आयुष्यभर 'सर' म्हणत.

"मॅडम, दोन्ही प्रसंग इतके सुंदर आहेत ना," त्या म्हणाल्या. "मुलींना वाचून दाखवणार आहोत."

मी पानं खाली ठेवली. "या दोन बायका एकच आहेत," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, सोलकढीपासून. मी 'त्या' म्हणाले होते, तेही सांगितलं. बिचाऱ्यांचा चहा गार झाला. "मग आता काय करू, मॅडम?"

"ते स्वयंपाकीणबाईंचं पान काढा," मी म्हटलं. "त्या जागी एवढंच लिहा, द्वारका नाडकर्णी ऊर्फ रमा परुळेकर, पहिल्या तुकडीच्या पदवीधर."

त्यांनी लिहून घेतलं. मग दबकत विचारलं, "आणि पत्नी 'सर' म्हणायच्या, ते? तेही काढू ना?"

"नको," मी म्हटलं. "ते राहू दे. तेवढं खरं आहे."